आयर्विनला किती फूट? हळव्या मुलाला समजून घेताना

आमचा धाकटा दुसरीत होता तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी अभ्यासाला बसला, पेन्सिलीचं टोक मोडलं आणि तो रडायला लागला. पाऊण तास रडत होता. दुसरी पेन्सिल दिली, ती फेकून दिली. जवळ घ्यायला गेले तर ढकललं. आवाज ऐकून शेजारच्या काकी दारात आल्या. "लाडानं डोक्यावर बसवून ठेवलंय तुम्ही, दुसरं काय नाही," म्हणाल्या. खरं सांगायचं तर त्या वेळी मलाही तसंच वाटलं. पेन्सिलीसाठी कुणी इतकं रडतं का?

रात्री, दिवा मालवल्यावर, तो हळूहळू बोलायला लागला. शाळेत संमेलनाची तालीम होती, दिवसभर स्पीकर चालू होता. बाकावर शेजारी बसणाऱ्या मुलाला मार बसला होता, "मला नाही आई, त्याला." नव्या मोज्याची शिवण सकाळपासून करंगळीला टोचत होती. डब्यातली भाजी चपातीला लागून चपाती ओली झाली होती, म्हणून डबा तसाच परत आला होता. पेन्सिलीचं नाव त्यानं एकदाही घेतलं नाही.

सांगलीकरांना हे समजायला अवघड जाऊ नये. आयर्विन पुलापाशी, जिथे पुराचं पाणी फुटांत मोजतात, कृष्णा चढत असते तेव्हा कित्येकदा आपल्याकडे लख्ख ऊन पडलेलं असतं. पाऊस झालेला असतो वर, महाबळेश्वरला, नवजाला, कोयनेच्या पाणलोटात. ते पाणी वाट काढत उशिरानं आपल्यापर्यंत येतं. इथल्या आकाशाकडे बघून पुराचं कारण सापडत नाही. माझ्या मुलाचा पाऊससुद्धा सकाळपासून वरच पडत होता, पेन्सिल मोडली तेव्हा पाणी फक्त पुलाला लागलं.

मी गेली बावीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवते. वर्गात अशी मुलं दर वर्षी बघत आले आणि दर वर्षी त्यांना रडूबाई, लाजाळू, बुजरा, चोखंदळ असलं काहीतरी म्हणत आले. घरात तसं मूल आलं तेव्हा कुठे वाचायला लागले. जे समजलं ते इथे सोपं करून मांडते आहे.

याला म्हणतात तरी काय

मराठीत आपल्याकडे शब्द आहे, हळवं. मानसशास्त्रात 'अतिसंवेदनशील' म्हणतात. एलेन ॲरन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात या स्वभावाचा नीट अभ्यास सुरू केला. १९९७ मध्ये त्यांनी पती आर्थर ॲरन यांच्यासोबत यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि २००२ मध्ये फक्त अशा मुलांवर एक पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: काही माणसांची मज्जासंस्था जन्मतःच बाहेरून येणारी माहिती जास्त बारकाईनं घेते आणि जास्त खोलवर घोळवते. कान तेच, डोळे तेच. आत आलेल्या गोष्टीवर मेंदू किती काम करतो, यात फरक.

या एका मुळातून बाकीचं सगळं उगवतं. खोल विचार करणारं मूल नव्या ठिकाणी उंबऱ्यावर थांबून आधी सगळं न्याहाळतं, आपण त्याला भित्रं म्हणतो. ते बारीकसारीक टिपतं. आईनं टिकली बदलली, आमटीत गूळ कमी पडला, बाबांच्या आवाजात आज काहीतरी वेगळं आहे, हे घरात सगळ्यात आधी त्याला कळतं. दुसऱ्याच्या डोळ्यांतलं पाणी त्याच्या डोळ्यांत येतं. आणि इतकं सगळं आत घेतल्यावर ते इतरांच्या आधी थकतं. हा थकवा पायांचा नसल्यामुळे कुणाला दिसत नाही. दिसते ती किरकिर.

अशी मुलं किती? ॲरन यांचा सुरुवातीचा अंदाज शंभरात पंधरा ते वीस असा होता. २०१८ मध्ये मायकेल प्लूएस आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात थोडं वेगळं चित्र पुढे आलं. सुमारे तीस टक्के लोक जास्त संवेदनशील, चाळीस टक्के मधले आणि उरलेले तीस टक्के कमी. म्हणजे ही एक चढण आहे आणि प्रत्येक जण तिच्यावर कुठे ना कुठे उभा आहे. मला हे जास्त पटतं. चाळीस मुलांच्या वर्गात एखाद-दुसरंच मूल असं असतं असं मला पूर्वी वाटायचं. आता आठवलं की जाणवतं, दर वर्षी आठ-दहा तरी असायची. त्यातली निम्मी शिक्षकाच्या नजरेतच येत नाहीत, कारण ती शहाण्यासारखी गप्प बसतात आणि घरी जाऊन फुटतात.

हा आजार नाही, रोगांच्या यादीत तो कुठेही सापडणार नाही. लाडानं येत नाही. मुलींमध्ये जास्त असतो, हाही समज चुकीचा. आणि सगळी हळवी मुलं मुखदुर्बळ असतात असंही नाही. ॲरन यांच्या मते अशांपैकी साधारण तीस टक्के माणसांत रमणारी, बोलकी असतात. दंगा करणारा, दहा मित्र असलेला मुलगाही रात्री उशीत तोंड खुपसून 'सर मला असं का बोलले' म्हणून रडू शकतो. त्याच्याकडे तर कुणाचंच लक्ष जात नाही.

ॲरन यांच्याही आधी इतर काही जण याच वाटेवर पोचले होते. हार्वर्डचे जेरोम केगन चार महिन्यांच्या बाळांपुढे रंगीत खेळणी हलवायचे, अनोळखी वास द्यायचे, आवाज ऐकवायचे. पाचांतलं साधारण एक बाळ हातपाय झाडून रडायचं. चार महिन्यांचं! त्याला कुणी किती लाडावणार? त्यातली बरीच मुलं पुढे नव्या माणसांपाशी सावध राहिली, पण सगळी नाही. त्या 'सगळी नाही'त आईबापांना आणि शिक्षकांना पुष्कळ जागा आहे. ब्रिटनमधल्या सतरा वर्षांच्या जुळ्यांच्या २०२१ सालच्या अभ्यासातही मुलामुलांतल्या या फरकाचा साधारण अर्धाच भाग अनुवंशाकडे गेला.

द्राक्ष आणि शाळू

आमचं गाव पलूसकडे. सासऱ्यांची, म्हणजे मुलांच्या आबांची, दोन एकर द्राक्षबाग. बाग ऑक्टोबर छाटणीनंतर फुलोऱ्यात असताना आभाळ भरून आलं की आबा जेवत नाहीत. रात्री दोनला बॅटरी घेऊन बागेत. दावण्या येईल, घडकूज होईल, सकाळ व्हायच्या आत फवारणी घ्यायची. पलीकडच्या रानातल्या शाळूला, म्हणजे रब्बी ज्वारीला, असलं काही लागत नाही. पेरला की थंडीच्या दहिवरावर येतो.

आबांनी आजवर द्राक्षाच्या वेलीला 'नाटकं करू नकोस, तो शाळू बघ कसा उभा आहे' असं म्हटलेलं नाही. वेल तशीच असते, हे त्यांना ठाऊक आहे. पण नातू लग्नाच्या हॉलमध्ये कानावर हात ठेवून बसला की म्हणायचे, "पोरगं लई नाजूक केलंय तुम्ही." एकदा मी धीर करून म्हटलं, "आबा, हे द्राक्ष आहे हो." ते काही बोलले नाहीत. पण नंतर पुन्हा तसं म्हणालेही नाहीत.

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जास्त संवेदनशील असणं दोन्ही बाजूंनी चालतं. थॉमस बॉइस या अमेरिकी बालरोगतज्ज्ञांनी अशी मुलं आणि कुठेही तगणारी मुलं यांची तुलना ऑर्किड आणि रानफुलाशी केली आहे. ताणतणावाच्या, आरडाओरड्याच्या घरात हळवं मूल इतरांपेक्षा जास्त कोमेजतं. मायेच्या, शिस्तीच्या, समजून घेणाऱ्या घरात ते इतरांपेक्षा जास्त फुलतं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लंडनच्या गरीब वस्तीतल्या एका शाळेत अकरा वर्षांच्या मुलींना मनाची उभारी वाढवणारे तास दिले गेले. जास्त संवेदनशील मुलींमधली उदासी त्यानं कमी झाली आणि वर्षभरानंतरही तो परिणाम टिकून होता. कमी संवेदनशील मुलींवर त्याच तासांचा म्हणावा असा परिणाम दिसला नाही. तुम्ही प्रेमानं म्हटलेलं एक वाक्य आपल्या थोरल्याच्या अंगावरून ओघळून जाईल आणि धाकट्यात मुरेल. चिडून म्हटलेलंही तसंच मुरेल.

चाळीस आणि पंचेचाळीस

आयर्विनची इशारा पातळी चाळीस फूट, धोक्याची पंचेचाळीस. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी त्याच्याही कितीतरी वर गेलं होतं, ते दिवस आपण कुणी विसरलेलो नाही. चाळीसला आपण सामान माळ्यावर टाकतो, जनावरं हलवतो. पंचेचाळीसच्या पुढे कुणी 'कपाट इथं का ठेवलंस' यावर वाद घालत बसत नाही, माणसं बाहेर काढायची असतात.

मुलाचंही असंच धरा. पाणी पंचेचाळीसच्या वर गेलेलं असताना समजावणं, उपदेश, 'पुन्हा करशील का', 'सॉरी म्हण' यातलं काहीही त्याच्यापर्यंत पोचत नाही. विचार करणारा मेंदू त्या वेळी ऐकण्याच्या अवस्थेत नसतो. तेव्हा एवढंच करायचं: टीव्ही बंद, माणसं कमी, आवाज खाली. जवळ बसायचं. त्याला हवं असेल तर कुशीत घ्यायचं, नको असेल तर हातभर अंतरावर राहायचं. पाण्याचा तांब्या जवळ ठेवायचा. बोलायचं ते ओसरल्यावर, जेवणानंतर किंवा दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर.

खरं काम चाळीसच्या आत असतं आणि त्यासाठी मुलाचा चढता अंक ओळखता यायला हवा. आमचा नखं कुरतडायला लागतो, आवाज बारीक होतो, साध्या प्रश्नाला 'काय?' म्हणतो. तुमच्याकडे दुसरं काही असेल, कुणी उलट जास्तच उड्या मारायला लागतं. आठवडाभर नुसतं बघा, सापडेल. आमच्याकडे आता फूटच विचारतात. "किती झालंय रे?" "अडतीस." हे त्याला 'तुला कसं वाटतंय'पेक्षा फार सोपं जातं. सात वर्षांच्या मुलाकडे भावनांचे शब्द कुठून असणार? आकडा मात्र असतो.

वरचा पाऊस कमी करणं बऱ्याचदा आपल्या हातात असतं. कपड्यांची लेबलं कापून टाका, मोजे उलटे घाला, नवा गणवेश जूनच्या आधी चार वेळा धुऊन मऊ करा. शाळेतून आल्या आल्या 'आज काय झालं, डबा खाल्लास का, बाई काय म्हणाल्या' ही सरबत्ती थांबवा. पहिला अर्धा तास काही विचारू नका. आमचा येतो, वाडगाभर भडंग घेतो आणि मागच्या जिन्यात एकटा बसतो. पूर्वी मला त्याचं वाईट वाटायचं. आता तो अर्धा तास मी घरातल्या सगळ्यांपासून राखते. भावाचा क्लास, पाहुणे, काही आलं तरी तो मोडू देत नाही.

आणि आधी सांगा. मला विचाराल तर सगळ्या उपायांत हा पहिला. 'उद्या मिरजेला लग्नाला जायचंय. हॉल मोठा आहे, बेंजो असेल, सगळे गाल ओढतील. तुला नको वाटलं तर माझा पदर ओढ, आपण बाहेर जाऊन बसू. जेवून तीनला निघायचं.' एवढ्या चार वाक्यांनी अर्धा पूर टळतो, कारण त्याच्या मेंदूला आधी घोळवायला वेळ मिळतो. पण तीन म्हटलं असेल तर तीनलाच निघा, मामी कितीही आग्रह करोत.

मग याला घट्ट कधी करायचं?

हा प्रश्न मला दर पालकसभेला येतो, बहुतेक वडिलांकडून आणि बहुतेक मुलाबद्दल. मुलगी हळवी असली की 'मायाळू आहे' म्हणतात आणि मुलाला 'पोरीसारखं काय रडतोस' ऐकावं लागतं. त्या वाक्यानं रडू थांबतं, वाटणं थांबत नाही. ते आत जाऊन पोटदुखी होतं, डोकेदुखी होतं, राग होतो.

पण प्रश्न रास्त आहे. हळवं आहे म्हणून मुलाला सगळ्यापासून वाचवत राहिलं तर त्याचं जग आकसत जातं, आणि टाळलेली प्रत्येक गोष्ट पुढच्या वेळी आणखी मोठी दिसते. याचं उत्तर मला गावच्या विहिरीवर मिळालं. आमच्याकडे पोरं उन्हाळ्यात पाठीला डबा बांधून पोहायला शिकतात, आणि 'ढकला, आपोआप शिकतंय' ही जुनी रीत. थोरला तसाच शिकला, हसत वर आला. धाकट्याला ढकलू द्यायचं नाही असं आम्ही ठरवलं. पहिले तीन दिवस तो वरूनच बघत होता. चौथ्या दिवशी चार पायऱ्या. मग पाण्यात पाय. मग शेवटच्या पायरीवर बसून चुलत्याचे हातपाय कसे हलतात ते बघत राहिला, अगदी परीक्षेचा अभ्यास करावा तसा. अकराव्या दिवशी डबा बांधून घेतला आणि स्वतःहून पायरी सोडली. आणि बाकीची पोरं आठवडाभर गटांगळ्या खात जे शिकली ते त्याला दोन दिवसांत जमलं. अकरा दिवस तो पोहायलाच शिकत होता, फक्त पाण्याबाहेर.

त्या अकरा दिवसांत आम्ही दोन गोष्टी पाळल्या. रोज विहिरीवर न्यायचंच, 'आज नको' चालणार नाही. आणि पुढची पायरी कधी, ते तो ठरवेल. न्यूयॉर्कमध्ये १९५६ पासून मुलांच्या स्वभावाचा वर्षानुवर्षं मागोवा घेणाऱ्या अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या दांपत्यानं म्हटलं होतं की कुठलाच स्वभाव मुळात वाईट नसतो. मुलाचा स्वभाव आणि भोवतालच्या माणसांच्या अपेक्षा यांचा मेळ बसतो की नाही, यावर पुढचं ठरतं. विहीर तीच होती, डबा तोच होता. थोरल्याला एक दिवस लागला, धाकट्याला अकरा.

शिस्तीचंही तसंच. चुकल्यावर बोलायचं, पण एकट्याला, हळू आवाजात, थोडक्यात. "काच फुटली. चप्पल घाल, आपण गोळा करू." पुरे. या मुलांनी स्वतःला आधीच शिक्षा दिलेली असते. चारचौघांत पाणउतारा झाला तर त्यांना चूक आठवत नाही, फक्त लाज आठवते.

हे मी माझ्या अनुभवावरून लिहिते आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत चौथीतल्या एका मुलीला पाढा चुकला म्हणून मी वर्गापुढे उभं केलं होतं आणि मुलांना हसू दिलं होतं. एका मिनिटाची गोष्ट. वर्ष संपेपर्यंत त्या मुलीनं पुन्हा हात वर केला नाही. उत्तर येत असायचं, मला तिच्या वहीत दिसायचं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमानं मुलांना शारीरिक शिक्षेइतकीच मानसिक छळालाही बंदी केली आहे. माझं ते मिनिट त्यात बसतं, याबद्दल मला शंका नाही. आता वाचायला उभं करायचं असेल तर अशा मुलाला मी आदल्या दिवशी कानात सांगते, "उद्या दुसरा परिच्छेद तुझा." दुसऱ्या दिवशी ते मूल वर्गात सगळ्यात छान वाचतं. पालकांनीही बाईंना हे सांगावं, संकोच करू नये. 'आमचा हळवा आहे, सांभाळून घ्या' असं मोघम म्हटलं तर काही होत नाही. 'भिंतीकडेचा बाक द्या, वाचायला लावायचं असेल तर आधी कल्पना द्या' असं नेमकं मागितलं तर बहुतेक शिक्षक देतात.

एक सावधगिरी मात्र हवी. प्रत्येक गोष्ट 'हळवा आहे' म्हणून सोडून देऊ नका. हाक मारल्यावर मूल वळत नसेल, बोट दाखवून काही मागत नसेल, बोलणं उशिरा येत असेल, तेच तेच हातवारे करत राहत असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. स्वमग्नतेतही (ऑटिझम) आवाज आणि स्पर्श सहन होत नाहीत, पण तिथली मदत वेगळी असते आणि ती जितकी लवकर मिळेल तितकी बरी. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्यांनाही विचारता येतं. शाळेत जायचं म्हटलं की आठवडेच्या आठवडे पोट दुखणं, झोप उडणं, खाणं तुटणं, स्वतःला मारून घेणं, 'मी नसतो तर बरं झालं असतं' असं बोलणं यातलं काही असेल तर वाट बघू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. आणि मोकळं मूल अचानक हळवं झालं असेल तर तो स्वभाव नव्हे. कुणी त्रास देतंय का, ते शांतपणे शोधा.

यातलं निम्मं घरच्या मोठ्यांनाही लागू आहे, कारण हळव्या मुलाच्या घरात बहुधा आणखी एक हळवं माणूस असतं. मुलाचे फूट मोजताना मला माझेही मोजायची सवय लागली. चव्वेचाळीसवर असलेली आई पंचेचाळीसवरच्या मुलाला शांत करू शकत नाही. अशा वेळी मी सरळ यांना हाक मारते आणि गच्चीवर जाऊन दहा मिनिटं थांबते.

धाकटा आता सहावीत आहे. भाद्रपद प्रतिपदेला, चतुर्थीच्या काही दिवस आधी, सांगलीच्या गणपती मंदिरात चोर गणपती बसतो. वाजंत्री नाही, गाजावाजा नाही. त्याला सगळ्या गणपतीत तोच आवडतो. दर वर्षी न चुकता आम्हाला ओढून नेतो आणि समोर खूप वेळ उभा राहतो. पाचव्या दिवशीची विसर्जनाची मिरवणूक मात्र तो आत्याच्या गच्चीवरून बघतो. गेल्या वर्षी तीन वेळा जिन्यापर्यंत आला, खालचं ढोल-ताशा ऐकत उभा राहिला, परत वर गेला. "किती झालंय?" मी विचारलं. "छत्तीस. पण खाली पन्नास असेल," म्हणाला. यंदा खाली उतरायचं की नाही, ते त्यानं अजून ठरवलेलं नाही.